आता तर कुत्री नाही ना घरात

दादा,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत माझ्या पाठीमागं दोन बायका जेवत होत्या. एक म्हणाली, "हीच ना ती नाशिकची बहीण?" दुसरी म्हणाली, "हीच. एका कुत्रीपायी भाऊ तोडला बाईनं. दोन दिवाळ्या ओवाळलं नाय." पहिली म्हणाली, "आता बघ, कशी खाली मान घालून बसली." मी पानातला भात कालवत होते. मागं वळले नाही. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. लोक पाठीमागं बोलले की ऐकू न आल्यासारखं करायची सवय झाली आहे.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. हे लिहायला बसले, कारण लोक माझ्याजवळ येऊन ज्याच्याबद्दल बोलतात तो माणूस मला ओळखू येत नाही. देवमाणूस होता म्हणतात. जन्मात खोटं बोलला नाही म्हणतात. मी मान हलवते. तू माझ्याशी एकदा खोटं बोललास. एकदाच, आणि तेही एका शब्दाचं. मी तुझ्याशी बोलणं सोडलं ते त्या शब्दासाठी, मिरी गेली म्हणून नाही. हे त्या दोन बायकांना कुठून कळणार? तुलाही मी ते कधी नीट सांगितलं नव्हतं.

मिरी आली तेव्हा मला निवृत्त होऊन चार महिने झाले होते. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, एका बंद पडलेल्या स्कूटरखाली ते काळंभोर पिल्लू होतं. तीन दिवस मी खाली जाऊन वाटीत काहीबाही ठेवत होते, चौथ्या दिवशी वर घेऊन आले. तुला फोन केला तर तू किती तरी वेळ हसत होतास.

"शाले, तू माणसाला पुस्तकाचं पान दुमडू द्यायची नाहीस. आता कुत्रं सांभाळणार?"

"ते पान दुमडत नाही, दादा."

"नाय, ते डायरेक फाडतं."

मी माझ्या सवयीनं वाचायला लागले. कुत्र्यासाठी घर सुरक्षित कसं करावं यावर जे मिळेल ते वाचलं, कार्डांवर टिपणं काढली, आणि आठवड्याभरात मला माझं घर म्हणजे सापळा वाटू लागलं. पुस्तकांच्या कपाटांत खणाखणांत डांबरगोळ्या होत्या. कुत्र्यानं एक गिळली तरी रक्त नासतं. मोरीत फिनेल. सिलिंडरमागं उंदराच्या औषधाची वडी, ती कधी ठेवली होती तेही आठवत नव्हतं. गॅलरीच्या गजांतून पिल्लाचं डोकं सहज बाहेर जाईल, आणि मी तिसऱ्या मजल्यावर. कुंडीतली कण्हेर. टेबलाखाली लोंबणाऱ्या वायरी. डांबरगोळ्या काढून टाकताना पुस्तकांना कसर लागणार हे मला माहीत होतं, आणि पुढं ती लागलीही. तरी काढल्या.

मग तू आलास आणि दोन दिवस राहिलास. बागेची छाटणी नुकतीच उरकली होती. मोटरसायकलवर मागं शेडनेटचा गुंडाळा, तारेचं वेटोळं आणि ठिबकच्या जुन्या नळ्या बांधून दिंडोरीहून आलास. द्राक्षाच्या मांडवाला ताणतात तशी गॅलरीला तार ताणलीस, तिच्यावर हिरवी जाळी विणलीस, आणि बोटानं तार छेडून म्हणालास, "हत्ती रेलला तरी तुटायची नाय." ठिबकच्या नळ्या ब्लेडनं उभ्या चिरल्यास आणि एकेका वायरीवर चढवल्यास. ही युक्ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. गुळगुळीत फरशीवर मिरीचे पाय फाकत होते, म्हणून गोणपाटाच्या चौघड्या केल्यास आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्यांच्या कडा शिवत बसलास. मिरी तुझ्या मांडीवर चढली. "ए मिरे, उतर. मला कुत्रं आवडत नाय," असं म्हणत तू तिला भाकरीचा तुकडा दिलास. मळ्यात आपल्याकडं कायम तीन-चार कुत्री असायची, पण तू एकालाही कधी नाव ठेवलं नव्हतंस. मिरीला मात्र तू पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारलीस.

त्या दोन दिवसांची मी ऋणी आहे. हे इथंच लिहून ठेवते. पुढचं लिहिताना ते माझ्याच्यानं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फ्रिजवर यादी चिकटवली. ग्रंथालयात सूचना लावायचे तशी, ठळक अक्षरांत, क्रमांक घालून. मिरीला देऊ नये: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे. तू चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभा राहिलास.

"कांदा नाय. द्राक्ष नाय. शाले, नाशिक जिल्ह्यात दुसरं पिकतं काय? हिला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात राह्यला जा."

मी हसले, तूही हसलास. मग पुन्हा यादीकडं बघून तू विचारलंस, "द्राक्षानं काय व्हतं?"

"मूत्रपिंडं निकामी होतात. सगळ्या कुत्र्यांची होतात असं नाही. एखाद्याला घडानं काही होत नाही, एखाद्याला चार मण्यांनी होतं. आधी कळत नाही."

"आपल्या मळ्यातली कुत्री बागेखालीच वाढली. गळालेले मणी खाऊन."

"त्यांचं नशीब."

तू कप ओट्यावर ठेवलास. चहा अर्धा होता. "कोणत्या द्राक्षानं व्हतं? फवारलेल्या?"

"कोणत्याही."

"हां," म्हणालास, आणि गॅलरीत जाऊन पक्कड, हातोडी पिशवीत भरू लागलास.

ते 'हां' मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याच्या आदल्या हंगामात तू नेहमीसारखा वानोळा घेऊन आला होतास. खुडा सुरू झाला की पहिला क्रेट बहिणीच्या घरी, मग व्यापाऱ्याची गाडी. आईनं घालून दिलेली ही रीत तू एकदाही चुकवली नव्हतीस. त्या वर्षी मी ती द्राक्षं तुझ्यादेखत मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात बुडवली. पेपरात तसं आलं होतं. "हे काय?" तू विचारलंस. फवारणीचे अंश निघून जातात, असं मी सांगितलं. तू त्याच क्रेटमधला एक घड न धुता खात होतास. ते ऐकून खायचा थांबलास. पंधरा दिवसांनी पोस्टानं पाकीट आलं. आत तुझ्या मालाच्या तपासणीच्या रिपोर्टची झेरॉक्स, त्यात एका ओळीखाली पेनानं मारलेल्या दोन रेघा. सोबत पत्र नाही. ती झेरॉक्स मी वाचत असलेल्या पुस्तकात ठेवली आणि नंतर ते पुस्तक कुठलं ते विसरले.

ज्याचा माल तपासून परदेशी जातो, त्याच्या बहिणीच्या फ्रिजवर त्या मालाचं नाव विषांच्या यादीत. मी लिहिलं ते कुत्र्याच्या पोटाविषयी. तू ते तुझ्या शेतीविषयी वाचलंस. मी आणखी एकच वाक्य बोलायला हवं होतं, की एकदाही न फवारलेल्या वेलाचं द्राक्ष असतं तरी मी हेच म्हटलं असतं, यात तुझा काही दोष नाही. ते मी बोलले नाही. पुढं जानेवारीत फोन करून सांगितलं, "या वर्षी द्राक्षं आणू नकोस. घरात ठेवणार नाही." पुस्तक परत करायची तारीख उलटली हे विद्यार्थ्याला कळवायचे, त्याच आवाजात.

फेब्रुवारीत तू आलास. रिकाम्या हातांनी आलास असं मला वाटलं. मला त्या दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं होतं. थेंब घालून बसवून ठेवतात, दोन तास मोडणार होते. तू म्हणालास, "जा तू. मी बसतो मिरीपाशी." परत आले तेव्हा थेंबांमुळं मला सगळं पुसट दिसत होतं. तू गॅलरीत बसला होतास आणि ती तुझ्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती. तू खुशीत होतास. निघताना चपला घालता घालता म्हणालास, "उद्या फोन करतो. तुला एक गंमत सांगायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरी दोनदा ओकली. हिरवट पाणी, त्यात सालीसारखं काहीतरी बारीक. मला ते आदल्या दिवशीच्या भाजीचं वाटलं. फरशी पुसली आणि तुझ्या फोनची वाट न बघता मीच तुला फोन लावला. सव्वासात वाजले होते.

"दादा, मिरी ओकतेय. काल तू तिला काही दिलं होतंस का?"

तुझ्यामागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"नाय," तू म्हणालास.

"भाकरीबिकरी? दुसरं काही?"

"नाय नाय. उन्हाचं झालं आसंल. ताक पाज थोडं."

मी ताक पाजलं. जी गंमत सांगायची होती ती तू सांगितली नाहीस, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

तो सगळा दिवस ती कोपऱ्यात पडून होती. मी तिच्यापाशी वाचत बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून उभी राहीना, तेव्हा मी तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "द्राक्षं, बेदाणे, मनुका असं काही खाण्यात आलंय का? नीट आठवून सांगा." मी म्हटलं, "माझ्या घरात द्राक्ष येतच नाही. मी यादी लावलेली आहे." किती ताठ मानेनं म्हटलं ते. त्या मग दुसऱ्या कारणांच्या शोधाला लागल्या. तुझ्यामुळं एक दिवस गेला होताच, त्यात माझ्या ताठ मानेनं आणखी एक घालवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू दवाखान्यात आलास. मी तुला फक्त तिला सलाइन लावलंय एवढं कळवलं होतं. बाहेरच्या बाकावर तू माझ्या शेजारी बसलास. टोपी गुडघ्यावर ठेवलीस.

"शाले, दोनच घड दिले."

मला आधी समजलंच नाही.

"बारके होते. तिनं हात चाटून मागितले. म्हणलं काय व्हणार नाय, मग उद्या तुला सांगू, बघ, खाल्ले आन् काय झालं नाय. ती यादी काढून टाक, म्हणणार व्हतो."

"मी तुला विचारलं होतं, दादा. फोनवर."

"हां."

"सकाळीच विचारलं होतं."

तू चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "माझ्या मालात काय नाय, शाले. रिपोर्ट हाय."

आत माझी कुत्री पाण्याचा एक थेंब गिळत नव्हती आणि तू मला रिपोर्टचं सांगत होतास. मी म्हणाले, "तू मारलंस तिला." मोठ्यानं म्हणाले. समोर एक बाई मांजराची टोपली घेऊन बसली होती, तिनं टोपली जवळ ओढली. तू टोपी डोक्यावर ठेवलीस, उठलास आणि निघून गेलास. मिरी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं, पहिल्या सकाळी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "खात्रीनं सांगता येत नाही, मॅडम. पण लवकर आणलं तर बहुतेक वाचतात." 'बहुतेक' हा शब्द मी दोन वर्षं वागवते आहे.

दोन वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. तू समोर नसताना मी फार नीट बोलते. तुला म्हणायचे, द्राक्षांचं मला काही वाटत नाही. तुला खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. माझ्याही झाल्या. पण सव्वासात वाजता तुझी खात्री उरली नव्हती. उरली असती तर तू छातीठोकपणे म्हणाला असतास, हो, दिले दोन घड, काय व्हतंय त्यानं. 'नाय' म्हणालास म्हणजे तू घाबरला होतास. घाबरलास म्हणजे माझी यादी तुला पटली होती. यादी पटली, आणि तरी तू मला ताक पाजायला सांगितलंस. इथवर आले की पुढं मला कधी काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. तुला काय वाटत होतं, ती आपोआप बरी होईल आणि हे कुणाला कधी कळणार नाही? की बहिणीसमोर एकदा खाली बघावं लागण्यापेक्षा तिची कुत्री गेलेली परवडली?

त्या वर्षी भाऊबिजेला वहिनींचा फोन आला, "हे बसलेत अंघोळ करून. येताय ना ताई?" मी डोकं दुखतंय म्हटलं. पुढच्या वर्षी फोन आला नाही.

या दोन भाऊबिजांच्या मधल्या फेब्रुवारीत तू आमच्या गेटवर आलास. वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, तुमचे भाऊ आलेत. क्रेट आहे संगं द्राक्षांचा. वर पाठवू का?"

"नको. म्हणावं परत न्या."

दोन मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. वॉचमन ओशाळून म्हणाला, "ते म्हणतात, आता तर कुत्री नाही ना घरात."

मी फोन ठेवला आणि गॅलरीत गेले. तू क्रेट पुन्हा मोटरसायकलला बांधत होतास. रबरी पट्टा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा वॉचमननं दुसरं टोक धरलं. तू वर पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तरी मी दिसले नसते, जाळी तू तेवढी घट्ट विणली होतीस.

आपल्याकडं वानोळा परत पाठवत नाहीत. वैऱ्याकडून आला तरी ठेवून घेतात, फार तर गुरांपुढं टाकतात. मी परत पाठवला. भावकीत ते दोन दिवसांत सगळ्यांना कळलं असणार. तू तो क्रेट घेऊन एवढा रस्ता परत कसा गेलास, वाटेत कुणी विचारलं असेल तर काय सांगितलंस, याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता एकोणीस दिवस तोच करते आहे. पण तुझ्या त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आता तर कुत्री नाही ना घरात. जणू मधे एक अडचण होती आणि ती दूर झाली.

तू गेलास तेव्हा मी आले. तुझं तोंड पाहिलं. बाया बाजूला सरकल्या, बहीण आता हंबरडा फोडेल म्हणून. मला काही फुटलं नाही. तुझ्या नखांत बागेची माती होती. ती काढावी असं वाटलं, आणि कुणीतरी मला धरून मागं घेतलं.

तेराव्याची माणसं पांगली तेव्हा चार वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नाशिकला परतायचं मी ठरवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "चला ताई, बागेकडं जाऊन येऊ. घरात गुदमरतंय." बाग यंदा भरून आली आहे, हे तुला माहीतच आहे. खुडा तुझ्यामुळं लांबला होता. मळ्यातली तीन कुत्री बांधावर, मांडवाच्या शेवटच्या लोखंडी अँगलच्या बाहेर ओळीनं बसली होती. आम्ही आत शिरलो. ती उठली, शेपट्या हलवल्या, पण आत आली नाहीत.

"आत येत नाहीत का ही?" मी सहज विचारलं.

"येतील कशी?" वहिनी म्हणाल्या. "दोन वर्सं यांनी त्यांना आत पाय ठिवू दिला नाय. काठी घेऊन शिकवलं. आन् रोज दिवस बुडायच्या आत गळालेले मणी उचलायचे. बादल्यांनी उचलून खड्ड्यात पुरायचे. पेठकडच्या बाया येत्यात ना खुड्याला, त्यांना लावायचे; नाय आल्या तर सोता वाकायचे. बाया यांना हसायच्या. म्हणायच्या, नाना द्राक्ष लावून कुत्री राखतात."

मी एका वेलाला धरून उभी राहिले.

"कधीपासून?"

"तुमची मिरी गेली त्याच आठवड्यापासून."

"मला का नाही सांगितलं?"

"मी लय डाव म्हणले, ताईंना फोन करा, सांगा असं असं करतो म्हणून. तर म्हणले, सांगितलं म्हंजे कबूल केलं. ती रागात म्हणली, तू मारलंस. मी व्हय म्हणलो तर ते कायमचं व्हईल. त्यापरीस हट्टी म्हणू दे मला."

वहिनी पुढं चालू लागल्या. मी मागंच राहिले.

दादा, म्हणजे तू कबूल केलं होतंस. पेठच्या बायांना ते माहीत होतं. वहिनींना माहीत होतं. बांधावरच्या तीन कुत्र्यांना त्यांच्या परीनं माहीत होतं. एक मीच राहिले होते. रोज संध्याकाळी साठी उलटलेली कंबर वाकवून मणी वेचायला तुला जमलं, आणि माझ्याशी एक वाक्य बोलायला जमलं नाही. लोक हे ऐकतील तर म्हणतील, केवढं मोठं मन. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तू स्वतःसाठी एक शिक्षा निवडलीस, तुला झेपेल अशी, आणि मला न विचारता माझ्यासाठीही एक निवडलीस. दोन वर्षं मी तुला निगरगट्ट समजत राहिले. तू मला ते समजू दिलंस. तेवढ्यानं तुझी मान ताठ राहिली आणि माझा भाऊ गेला.

मीही तीन मजले उतरू शकले असते. उतरले असते तर क्रेट माझ्या हातात देताना कदाचित तू बोलला असतास. कदाचित नसतास. मी उतरले नाही, एवढंच खरं.

वहिनी वळून म्हणाल्या, "हे गेल्यापासून कुणी मणी उचलले नाय. बघा की, खच पडलाय. आता कोण उचलणार? हे व्हते तवर व्हतं. चार दिवसांनी कुत्री येतील आत, शिकवलेलं कुठवर टिकतंय."

खरंच खच पडला होता. काही मणी चिरडून त्यांवर मुंग्या आल्या होत्या, काही अजून घट्ट होते. पाण्याच्या टाकीजवळ बादली पालथी होती. मी ती घेतली आणि पहिल्या ओळीत बसले. वहिनी "ताई, अवो ताई, पातळाला डाग पडतील" म्हणत राहिल्या. एक ओळ पुरी व्हायला अंधार पडायला आला. उठताना वेलाचा आधार घ्यावा लागला. वेचताना तोंडानं तुला काय काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनींनी ऐकलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

मी नाशिकला गेले नाही. आज सहावा दिवस आहे. तुझ्या ओसरीवर बसून हे लिहिते आहे. खुडा सुरू झालाय. बायांना मी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं, कुत्र्याला द्राक्षानं काय होतं, कसं होतं, आणि त्यात बाग पिकवणाऱ्याचा काही दोष नसतो हेही. त्यांतली एक म्हणाली, "नानांनी सांगितलंय आमाला हे. असंच सांगायचे, डिट्टो." तू त्यांना माझ्याच शब्दांत सांगत होतास. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला उलट एवढा संताप आला की मी दुसऱ्या ओळीत निघून गेले.

काल बादली खड्ड्यात रिकामी करत होते. वहिनी म्हणाल्या, "चला, मिटलं म्हणायचं तुमचं."

मिटलेलं नाही, दादा. बाग मोकळी होईपर्यंत मी मणी उचलीन, कुत्री बांधाबाहेर ठेवीन, जाताना बायांना बजावून जाईन. त्याला माफी समजू नकोस. माफी मागायला एकानं तोंड उघडावं लागतं आणि द्यायला दुसऱ्यानं दार उघडावं लागतं. आपण दोघांनीही ते केलं नाही. आता माझं दार उघडं असून उपयोग नाही.